वाडीची लोकसंख्या जनगणनेत वेगळी नाही. रस्ता आणि एसटी कोणत्या आकड्यावर मागायची?

डोंगरकाठ

नमस्कार मंडळी. अकोले तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका वाडीसाठी माहिती हवी आहे.

गावठाणापर्यंत डांबरी रस्ता आहे, एसटी दिवसातून दोनदा येते. वाडी तिथून साडेतीन किमी वर. रस्ता कच्चा, मध्ये एक ओढा आणि साधारण चारशे मीटर वनखात्याची हद्द. साठ-पासष्ट घरं, ठाकर आणि महादेव कोळी. पाऊस लागला की दिवाळीपर्यंत ट्रॅक्टरशिवाय वर काही चढत नाही. पाचवीच्या पुढची मुलं पायी खाली येतात, काही जण तिथून एसटीने पुढच्या शाळेत जातात.

रस्त्याचं विचारलं की उत्तर ठरलेलं: "तुमच्या गावाला जनगणनेत पक्का रस्ता आणि बस दोन्ही आहे." गावाला आहे, वाडीला नाही. पण वाडीचा आकडा कुठेच वेगळा सापडत नाही. तर विचारायचं हे:

१) वाडीची लोकसंख्या अधिकृतपणे कशी दाखवायची?
२) २५० च्या आसपास वस्ती असेल तर रस्ता कोणत्या योजनेत बसतो?
३) एसटी वाडीपर्यंत यायला नेमकं काय लागतं?

आकडेवाला

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

जनगणनेचं एकक महसुली गाव आहे, वाडी नाही. २०११ ची जिल्हा जनगणना पुस्तिका दोन भागांत आहे. 'ब' भागात गावनिहाय घरं, लोकसंख्या, ० ते ६ वयाची मुलं, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर, काम करणारे. 'अ' भागात सोयी: बस, रिक्षा, टॅक्सी, ट्रॅक्टर, बैलगाडी, पक्का रस्ता, कच्चा रस्ता, पायवाट वगैरे. दोन्ही जनगणनेच्या संकेतस्थळावर मिळतात. गाव नावाने शोधू नका, सहा अंकी गाव संकेतांकाने शोधा. एकाच नावाची दोन-तीन गावं एका तालुक्यात सर्रास असतात. आणि ग्रामपंचायतीचा संकेतांक वेगळा, महसुली गावाचा वेगळा. एका पंचायतीत दोन-तीन महसुली गावं असतील तर पंचायतीची लोकसंख्या अर्जात घालून मोकळे होतात आणि छाननीत अर्ज तिथेच अडकतो.

सोयींचा तक्ता वाचताना हमखास होणारी चूक: रकान्यात १ म्हणजे 'आहे', २ म्हणजे 'नाही'. बसच्या रकान्यात २ दिसलं की 'दोन बस' असं वाचणारे भेटतात! सोय नसेल तर पुढे अंतराचं अक्षर असतं. ए म्हणजे ५ किमीच्या आत, बी म्हणजे ५ ते १० किमी, सी म्हणजे १० किमीपेक्षा लांब.

आता तुमच्या दुखण्याचं मूळ. महसुली गावाच्या हद्दीत ती सोय कुठेही असली तरी अख्ख्या गावापुढे १ पडतो. एसटी गावठाणात थांबली की साडेतीन किमी वरच्या वाडीलाही बस 'आहे'. त्यामुळे हा तक्ता तुमच्या बाजूने कधीच बोलणार नाही. त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा तो बाजूला ठेवून वाडीचा स्वतंत्र कागद उभा करा.

त्यासाठी चार नोंदी एकमेकींशी जुळवायच्या. ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे कर आकारणीची नोंदवही. त्यात वाडीची घरं बहुतेक सलग क्रमांकात असतात. अंगणवाडीची कुटुंब सर्वेक्षण नोंदवही. चौघींत हीच सगळ्यात ताजी, कारण जन्म, मृत्यू, लग्न होऊन आलेली सून, सगळं तिथे चढतं. मतदार यादीचा भाग. आत वाडी बहुधा वेगळ्या विभागाच्या नावाने असते, पण ती अर्थातच १८ च्या वरची माणसं. आणि शिधापत्रिकांची दुकाननिहाय यादी. या चौघींवरून घरनिहाय तक्ता करा: घर क्रमांक, कुटुंबप्रमुख, पुरुष, स्त्रिया, ० ते ६. ग्रामपंचायत अधिकाऱ्याची (पूर्वीचा ग्रामसेवक) सही आणि ग्रामसभेचा ठराव घ्या.

एक अडचण उरते. केंद्राची रस्ता योजना २०११ ची लोकसंख्या धरते आणि तुमचा तक्ता आजचा आहे. म्हणून तक्त्याखाली हिशोब दाखवा: आज गावात एकूण किती घरं, त्यात वाडीची किती, तोच वाटा गावाच्या २०११ च्या लोकसंख्येला लावला तर किती. गृहीतकासकट पानभर लिहिलेला असा हिशोब छाननीत टिकतो. नुसतं "अंदाजे ३००" टिकत नाही.

सहजच

पण मुळात २०११ लाच माणसं कमी मोजली गेली असतील तर? पश्चिम पट्ट्यातली कुटुंबं उन्हाळ्यात जुन्नर-नारायणगावकडे मजुरीला असतात.

आकडेवाला

@सहजच, मुद्दा बरोबर आहे. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी चालली आणि संदर्भ क्षण होता १ मार्चचा ००.०० वाजताचा. नियम असा की नेहमीचा रहिवासी त्या काळात थोडे दिवस तरी घरी असेल तर घरच्या यादीत येतो; पूर्ण काळ बाहेर असेल तर जिथे आहे तिथे मोजला जातो. म्हणजे दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला गेलेलं आणि मार्चपर्यंत न परतलेलं कुटुंब भट्टीवरच्या किंवा फडावरच्या गावात मोजलं गेलं. वाडीचे आकडे कमी भरतात ते बहुतेक इथे.

झालेलं बदलता येत नाही. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ आहे, म्हणजे पुन्हा हंगामाच्या ऐन मध्यावर. त्या आधीच्या घरयादीत वाडीचं प्रत्येक घर, कुलूप असलेलंसुद्धा, क्रमांकासह चढलं की नाही हे पाहायला वाडीतलं कुणीतरी जाणतं माणूस प्रगणकाबरोबर (गणना करणाऱ्या कर्मचाऱ्याबरोबर) फिरायला हवं. डोंगरावर सुटतात ती घरं, माणसं नंतर सुटतात.

वाडी स्वतंत्र महसुली गाव करण्याचा सल्ला कुणीतरी देईलच. जमीन महसूल संहितेच्या कलम ४ खाली ते होतं, पण जनगणनेच्या काळात हद्दी गोठवलेल्या असतात, त्यामुळे आत्ता त्यात शक्ती घालवू नका.

खडीकरण

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना डिसेंबर २००० मध्ये सुरू झाली तेव्हापासून तिचं एकक गाव नसून वस्ती आहे. एका जागी कायम राहणारा समूह. वाडी, पाडा, तांडा, टोला, काहीही म्हणा. "गावाला रस्ता आहे" हे उत्तर या योजनेत मुळातच गैरलागू. मैदानी भागात बारमाही रस्त्यापासून ५०० मीटर किंवा जास्त, डोंगरी भागात चालत जाण्याच्या वाटेने दीड किमी किंवा जास्त दूर असलेली वस्ती 'न जोडलेली' धरतात. साडेतीन किमी म्हणजे त्यात तुम्ही निवांत बसता.

या योजनेच्या चौथ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने ११ सप्टेंबर २०२४ ला मंजुरी दिली. मुदत २०२८-२९ पर्यंत, लक्ष्य २५,००० वस्त्या आणि ६२,५०० किमी. लोकसंख्येची अट २०११ च्या जनगणनेनुसार मैदानात ५००, आणि संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतलं आदिवासी क्षेत्र, आकांक्षित (केंद्राने मागास म्हणून निवडलेले) जिल्हे-तालुके वगैरेंत २५०.

तुमचं सगळं या २५० वर आहे, आणि २५० मिळतात ते गाव अनुसूचित क्षेत्रात असेल तरच. तालुका 'आदिवासी' म्हणतात तेवढ्यावर जाऊ नका. महाराष्ट्राचं अनुसूचित क्षेत्र १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरलंय आणि अकोल्यासारख्या तालुक्यांत ते गावांच्या नावानिशी आहे. आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातून तुमच्या महसुली गावाचा उतारा आधी काढा. नाव यादीत नसेल तर अट ५०० ची आणि मग केंद्राचा नाद सोडून राज्याच्या योजनांकडे वळायचं.

आकडा २३०-२४० वर अडकला तरी एक वाट आहे. जवळच्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरण्याची मुभा मूळ मार्गदर्शक सूचनांत आहे: सपाटीवर ५०० मीटर, डोंगरात वाटेने दीड किमीच्या आतल्या. बाजूला दहा-पंधरा घरांचं टेपाड असेल तर ते सोडू नका.

कुणी पीएम-जनमन सुचवेल. त्यात १०० लोकसंख्येच्या वस्तीलाही रस्ता मिळतो, पण तो विशेष असुरक्षित आदिवासी गटांसाठी. महाराष्ट्रात ते तीनच: कातकरी, कोलाम, माडिया गोंड. ठाकर आणि महादेव कोळी त्यात येत नाहीत. वाडीत कातकरी घरं असती तर गोष्ट वेगळी होती.

राज्याकडे मुख्यमंत्री ग्रामसडक योजना, आदिवासी विकास विभागाचे जोडरस्ते, जिल्हा नियोजनाचा निधी, आमदार निधी हे पर्याय आहेत. पण कुठेही जा, पहिला प्रश्न एकच येतो: रस्त्याचा क्रमांक काय? जिल्हा परिषदेच्या नोंदीत ग्रामीण मार्ग म्हणून क्रमांक नसेल तर कागदावर तो रस्ताच नाही आणि बिनक्रमांकाच्या रस्त्यावर कुणी अंदाजपत्रक करत नाही. ग्रामपंचायतीचा ठराव, सुरुवात आणि शेवट दाखवणारा गाव नकाशा, लांबी. हे बांधकाम उपविभागाच्या उपअभियंत्याकडे देऊन आधी क्रमांक पाडून घ्या. निधी कुठलाही येवो, हे काम वाया जात नाही.

मग जमीन. ग्रामसडक योजनेत भूसंपादनाला पैसे नाहीत, जागा मोकळी करून द्यावी लागते. लोक संमतीपत्रं गोळा करतात आणि काम झालं समजतात. संमती देणारा म्हातारा जातो, मुलगा म्हणतो माझ्या सातबाऱ्यावर क्षेत्र पूर्ण आहे, आणि खडी पडलेल्या रस्त्यावर दगड लावतो. संमतीबरोबर मोजणी, कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातला बदल दाखवणारा भूमी अभिलेखाचा कागद) आणि फेरफार, तिन्ही लागतात. गाव नकाशावर जुनी गाडीवाट असेल तर सरळ तीच धरा, भांडण निम्म्याने कमी होतं.

वनजमिनीचा बाऊ करू नका. वनहक्क कायदा २००६, कलम ३(२): रस्त्यासह १३ सोयींसाठी प्रत्येक कामाला १ हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, ग्रामसभेची शिफारस हवी. प्रस्ताव वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यामार्फत उपवनसंरक्षकाकडे जातो. तुमचे ४०० मीटर, रुंदी ६ मीटर धरली तर २,४०० चौरस मीटर, म्हणजे ०.२४ हेक्टर. झाडांची मर्यादा त्या हिशोबात १८. आखणी करतानाच झाडं मोजून क्रमांक टाका. १८ च्या वर जात असतील तर चार मीटर इकडे-तिकडे सरकून सुटतात का बघा. प्रस्ताव गेल्यावर आखणी बदलणं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. मात्र ती जमीन कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत असेल तर विषय वन्यजीव विभागाकडे जातो. ते आजच पाहून घ्या.

डोंगरकाठ

मनापासून आभार. हद्द आणि अनुसूचित क्षेत्राची यादी दोन्ही बघतो. पायवाट तशी बरीच कमी भरते, साडेतीन किमी हे ट्रॅक्टरच्या वाटेचं अंतर आहे. मोजताना कोणतं धरायचं?

खडीकरण

पात्रतेला पायवाटेचं, खर्चाला आखणीचं. म्हणजे पायवाट दीड किमीच्या आत भरत असेल तर मी वर लिहिलेलं 'निवांत बसता' लागू होत नाही, आधी ती मोजा. दोन्ही लिहा आणि कोणतं कशाचं ते स्पष्ट लिहा.

आखणी लांबते ती चढामुळे. डोंगरी भागात ग्रामीण रस्त्याला चढ साधारण ५-६ टक्के धरतात, अगदी अडचणीच्या जागी ७-८. वाडी गावठाणापेक्षा ९० मीटर उंचावर असेल तर ६ टक्क्यांनी निव्वळ चढालाच १,५०० मीटर लांबी लागते, पायवाट सहाशे मीटरची का असेना. ट्रॅक्टरची सरळ वाट तशीच डांबरली की पहिल्याच पावसात पाणी रस्त्याचाच ओढा करतं. शिवाय तिथे बस चढत नाही ती नाहीच.

काम सुरू झाल्यावर बघायचं तेही सांगून ठेवतो. ३.७५ मीटर रुंदीच्या एक किमी रस्त्यावर खडीचा ७५ मिमीचा एक थर म्हणजे साधारण १२० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) सैल खडी. थर दोन असतील तर दुप्पट. अंदाजपत्रकाची प्रत घ्या आणि रस्त्याकडेचे ढीग पसरण्याआधी मोजा. दाबल्यावर मोजायला काही उरत नाही. डोंगराकडच्या बाजूला गटार आणि मोऱ्या (रस्त्याखालून पाणी काढणारे नळ) अंदाजपत्रकात आहेत का ते डांबराच्या जाडीच्याही आधी बघा. घाटातला रस्ता पाण्याने मरतो, वाहनांनी नाही. ग्रामसडक योजनेच्या रस्त्याला ठेकेदाराची पाच वर्षं देखभाल असते, फलकावर तारीख असते. तिचा फोटो काढून ठेवा.

भारमान

एसटीचं मी लिहितो.

रस्ता माथी मोजून मिळतो, एसटी तशी मिळत नाही. आगारात लोकसंख्या कुणी विचारत नाही, भारमान विचारतात: धावलेल्या किलोमीटरला किती आसनं भरली आणि प्रति किमी उत्पन्न किती. साधी गाडी ४४ आसनांची. वाडीत ३०० माणसं आहेत यापेक्षा रोज सकाळी २२ जण चढतात हे वाक्य आगार व्यवस्थापकाला कळतं.

नवीन फेरी मागू नका. नवीन फेरी म्हणजे गाडी, चालक, वाहक, वेळापत्रक सगळं नव्याने. आहे ती गावठाणाची फेरी साडेतीन किमी पुढे वाढवून मागा. दोन फेऱ्यांना रोजचे वाढीव किलोमीटर १४ होतात, महिन्याला २५ दिवस धरले तर ३५०. एवढा आकडा पुढे ठेवला की बोलणं सुरू होतं.

इथे एक खोच आहे. एसटीचं भाडं ६ किमीच्या टप्प्याने आकारतात. तालुक्यापासून गावठाण १९ किमीवर असेल तर ते चौथ्या टप्प्यात, आणि २२.५ किमीवरची वाडीही चौथ्याच टप्प्यात. म्हणजे भाडं तेवढंच, डिझेल जास्त. गावठाण २२ वर असेल तर वाडी २५.५ वर, पाचवा टप्पा लागतो. पहिल्या प्रकारात वाढीव भाड्याची भाषा करू नका. जे आज एसटीत बसतच नाहीत, जीपने किंवा पायी जातात, ते प्रवासी दाखवा. दोन आठवड्यांची नोंद ठेवा: तारीख, वेळ, कुठून कुठे, किती, कशाने. आठवडे बाजाराचा दिवस वेगळा लिहा, नाहीतर त्या दिवसाची गर्दी रोजची म्हणून घातली अशी शंका येते.

सवलतवाल्यांना कमी लेखू नका. महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मं भाडं, ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत, विद्यार्थ्यांना पासात ६६.६७ टक्के सवलत, मुलींना बारावीपर्यंत मोफत पास. फरकाची रक्कम शासन महामंडळाला देतं, म्हणून ही आसनं रिकामी धरत नाहीत. शाळेकडून मुख्याध्यापकांच्या सहीने वाडीतल्या मुलामुलींची इयत्तावार यादी घ्या. अर्जातला हा सगळ्यात वजनदार कागद. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या एसटी गाड्या मुलींसाठीच आहेत, पण ती योजना १२५ तालुक्यांपुरती; यादी पाहूनच तिचं नाव घ्या.

अर्जासोबत ठराव, ही यादी आणि रस्ता जड वाहनाला योग्य असल्याचं बांधकाम उपविभागाचं पत्र. मग आगाराची माणसं मार्ग बघायला येतात, बऱ्याचदा रिकामी गाडी घालून. तिथे नापास होण्याची कारणं ठरलेली आहेत.

वळायला जागा नाही, हे पहिलं. गाडी ११-१२ मीटरची. एका दमात वळवायची तर २५ मीटर व्यासाचं मोकळं मैदान हवं. तेवढं नसेल तर मागे घेऊन वळायला एक फाटा, बसची पूर्ण लांबी आत जाईल एवढा, कठीण मुरमाचा. शाळेचं पटांगण दाखवू नका, मुलं असतात तिथे गाडी मागे घ्यायला कुणी परवानगी देत नाही.

दुसरं ओढा. उताराने खाली, लगेच चढाने वर अशी खोलगट फरशी (पाणी वरून जाऊ देणारा बुटका पूल) असली की गाडीची शेपटी घासते. मागच्या चाकामागे तीन मीटरच्या आसपास लांबी लटकत असते. फरशीच्या दोन्ही बाजूंचा चढ लांबवून घ्यावा लागतो, आणि हे @खडीकरण म्हणतात त्या रस्त्याच्या अंदाजपत्रकातच बसवलेलं बरं. फरशीवरून पाणी वाहत असताना गाडी घालत नाहीत, म्हणून अर्जातच लिहा: ओढ्याला पाणी असेल त्या दिवशी फेरी गावठाणातूनच परत फिरावी. एवढं एक वाक्य नसल्यामुळे अख्ख्या पावसाळ्याची फेरी बंद ठेवली जाते.

तिसरं, लोंबत्या तारा आणि फांद्या. रस्ता ओलांडणारी लघुदाबाची तार जमिनीपासून ५.८ मीटर हवी. डोंगरात दोन खांबांमधला झोळ त्याहून खाली येतो. वीज कंपनीला आधीच पत्र द्या.

आणि समोरून ट्रॅक्टर आला तर? एकेरी घाटरस्त्याला किलोमीटरला दोन-तीन ठिकाणी बाजू द्यायला रुंद जागा हवी.

सहजच

मुक्कामी, म्हणजे रात्री वाडीतच थांबणारी गाडी मागितली तर? सकाळची वेळ आपोआप साधते.

भारमान

साधते. सकाळी सहाला सुटणारी गाडी शाळा, दवाखाना, बाजार सगळ्यांना पुरते आणि आगारातून रिकामं येणं वाचतं, म्हणून आगारालाही ती परवडते. पण चालक-वाहकाला झोपायला बंद होणारी खोली, दिवा, पाणी आणि शौचालय ग्रामपंचायतीने द्यायचं असतं. वाहकाकडे तिकिटांचे पैसे असतात, समाजमंदिराची पडवी चालत नाही. दोन महिने खोली साफ राहते, मग कुणी लक्ष देत नाही, आणि गाडी गावठाणात मुक्काम करायला लागते. खोलीची किल्ली कुणाकडे, झाडायचं कुणी, हे ठरावातच नावानिशी लिहून घ्या.